पुढच्या वर्षी लवकर या

रात्रीचे साडेअकरा. आरती होऊन दोन तास उलटलेत, बायका-पोरं घरी गेलीत आणि मंडपात राखणीला सात-आठ जण उरलेत. ताडपत्रीवर भाद्रपदातला पाऊस वाजतोय. पत्ते वाटून झालेत, पण अजून कुणी उचललेले नाहीत. भांडण जुंपलंय.

"उथप्पावर पैसा ओतला तिथंच माती खाल्ली."

"उथप्पाचं काय नाय ओ, युवराजला कॅप्टन केला ते चुकलं."

"कॅप्टन कोणपण असू दे. बॉलिंग कोण टाकणार होतं, तुमचा आजा?"

ज्या आयपीएल संघावरून हे चाललंय तो २०१३ सालीच मोडीत निघाला. भांडणातला सगळ्यात धाकटा गडी तेव्हा अंगणवाडीत असणार. पण ताव बघावा तर उद्या सकाळी संघनिवड आहे आणि ती याच मंडपात होणार आहे.

यंदा संपादकांनी विषय दिला 'दुरुस्ती'. बाकीचे लेखक घड्याळं, पूल, मोडलेले संसार वगैरे घेणार हे उघड होतं. मला आठवले ते हरणाऱ्या संघाचे पाठीराखे, कारण यांच्याइतकी फुकट आणि मनापासून दुरुस्ती जगात दुसरं कुणी करत नाही. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम सरला की हिवाळाभर हाच उद्योग चालतो. कुणाला विकावं, कुणाला आणावं, प्रशिक्षकाला कधी घालवावं. त्या गप्पांना तिकडं नावच 'हॉट स्टोव्ह', म्हणजे पेटती शेगडी. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघानं २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने गमावले, त्या थंडीत तिथल्या लोकांना सरपण कमी पडलं असेल. आपल्याकडं ही शेगडी कुठं पेटते ते बघायचं होतं. तळेगावातला एक ओळखीचा म्हणाला, "नवलाख उंबऱ्याला या. आमच्या मंडळात दर गणपतीला पुणे वॉरियर्सचं श्राद्ध घालतात."

म्हणून मी आलोय. तळेगाव स्टेशनवरून शेअर रिक्षा, एमआयडीसीतले कंटेनर, पावसानं उखडलेला रस्ता, आणि मधूनच कारखान्याच्या भिंतीला टेकलेलं पोटरीला आलेलं इंद्रायणी भाताचं खाचर. नावातले नवलाख कशाचे हे मी तिघांना विचारलं. एकानं उंबराची झाडं सांगितली, दुसऱ्यानं घरांचे उंबरे. तिसरा रिक्षावाला. तो म्हणाला, "आता जागेच्या भावात धरा."

एक्स्प्रेस-वेच्या कडेचं घर

या गावानं पुण्याच्या संघावर एवढा हक्क का सांगावा? कारण पुण्याचं मैदान पुण्यात नाही, मावळात आहे. मुंबईहून येताना एक्स्प्रेस-वे संपत आला की डोंगराच्या पायथ्याशी जे भलंमोठं वाडगं दिसतं, ते गहुंजे. लंडनच्या मायकेल हॉपकिन्सच्या कचेरीनं त्याचा आराखडा केला. १ एप्रिल २०१२ ला रीतसर उद्घाटन झालं तेव्हा त्यावर सहाराचं नाव होतं. पुढं पैशांचा वाद झाला, नाव आधी झाकलं गेलं आणि मग गेलंच. साधारण सदतीस हजार माणूस बसतं. बराचसा भाग बिनछपराचा आहे, त्यामुळं एप्रिल-मेमधला दुपारचा सामना म्हणजे वाळवण घातल्यासारखं होतं.

मंडपातले आण्णा (वय सत्तरीचं, तरुणपणी कबड्डीपटू, आता भातशेती आणि सर्व विषयांवर मत) मैदान उभं राहताना जाऊन बघून आले होते. त्यांना तो काळ दुसऱ्या गोष्टीनं आठवतो. "त्याच साली बऊरला गोळीबार झाला." ९ ऑगस्ट २०११. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध शेतकरी एक्स्प्रेस-वेवर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले. त्याच रस्त्याच्या कडेला त्याच पावसाळ्यात मैदानाचं काम चालू होतं.

पाण्यानं मैदानाची पाठ पुढंही सोडली नाही. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशानं एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि पुण्याच्या संघाला विशाखापट्टणम घर मानावं लागलं. २०१८ मध्ये मैदानासाठी पवनेचं पाणी घ्यायलाच न्यायालयानं मनाई केली. संघ का हरतो याची कारणं टीव्हीवरचे पंडित फलंदाजीच्या क्रमात शोधतात. आण्णा ती धरणाच्या पातळीपासून सुरू करतात, आणि मला ते अगदीच चूक वाटत नाही. घरचं मैदान म्हणजे काय, हे ज्या संघाला नीट कळलंच नाही त्याचं हे घर.

शेहेचाळीस सामन्यांचा पंचनामा

शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले एक सर मंडपात खुर्चीवर बसतात, बाकी सगळे सतरंजीवर. वाद फार पेटला की आकडे सर सांगतात. "शेहेचाळीस सामने. जिंकले बारा, हरले तेहेतीस, एक पावसात. पहिल्या वर्षी दहांत नववा, दुसऱ्या वर्षी नवांत नववा, तिसऱ्या वर्षी नवांत आठवा. आता बोला."

मार्च २०१० मध्ये सहारानं पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरना घेतला. तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती, आपल्या हिशेबात सतराशे कोटी रुपयांच्या वर. २०११ च्या लिलावात उथप्पाला २१ लाख डॉलर, युवराजला १८ लाख. पहिले दोन्ही सामने जिंकले. मग सलग सात हरले. त्या वर्षी घरचे सामनेही नवी मुंबईत होते. 'पुणे' ही फक्त अंगरख्यावरची छपाई.

मंडपात तीन पक्ष आहेत. पहिला कर्णधारवाल्यांचा. ते बोटं मोडून नावं घेतात: युवराज, गांगुली, मॅथ्यूज, टेलर, फिंच. तीन वर्षांत एवढ्या हातांत सुकाणू गेलं तर नाव कुठं लागणार? यातलं निम्मं दुर्दैवही होतं. २०१२ च्या तोंडावर युवराजला कर्करोग झाला, त्याच्या बदली खेळाडूवरून सहारा आणि क्रिकेट मंडळाची ऐन लिलावाच्या दिवशी जुंपली. २०१३ मध्ये श्रीलंकेचे खेळाडू चेन्नईत खेळणार नाहीत असं ठरलं आणि पुण्याचा कर्णधारच श्रीलंकेचा निघाला.

दुसरा पक्ष गोलंदाजीचा. त्यांचा पुरावा एकच, पण तो बॉम्ब आहे. २३ एप्रिल २०१३, बंगळुरू, ख्रिस गेल नाबाद १७५, चेंडू ६६. समोरच्या संघाच्या २६३ धावा. "फिंच स्वतः टाकायला आला राव," पिवळा टी-शर्ट घातलेला पोरगा मांडीवर थाप मारून सांगतो. "कॅप्टनला वाटलं आपणच बघावं!" तेव्हा सरांनी हात वर केला. "त्याच डावात भुवनेश्वर कुमारनं चार षटकांत तेवीस दिल्या. वीस षटकांत दोनशे त्रेसष्ट, आणि याच्या चारांत तेवीस." मंडप क्षणभर गप्प. तेवढ्यात कुणीतरी पत्ते उचलले आणि परत ठेवले.

सरांचा खरा मुद्दा इथूनच सुरू होतो, आणि त्या रात्री ऐकलेल्यांत मला तोच सर्वांत वजनदार वाटला. खेळाडू वाईट नव्हते. संघ मोडल्यावर भुवनेश्वर हैदराबादला गेला आणि २०१६, २०१७ असा सलग दोनदा स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणारा ठरला. ज्या उथप्पावर माती खाल्ल्याचा आरोप, त्यानं २०१४ मध्ये कोलकात्याकडून ६६० धावा केल्या, त्या वर्षी कुणाच्याच त्याहून जास्त नव्हत्या. आणि त्या वर्षीचा अंतिम सामना ९४ धावा करून कोलकात्याला कुणी जिंकून दिला? मनीष पांडेनं. तोही आदल्या वर्षी वॉरियर्समध्येच होता. "आपल्या रोपवाटिकेतली रोपं. लोकांनी नेली, लावली, आंबे खाल्ले."

तिसरा पक्ष 'आपली पोरं' म्हणणाऱ्यांचा. २०१२ च्या रणजी हंगामात केदार जाधवनं याच गहुंज्यात उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ ठोकल्या, आणि वॉरियर्सच्या अंगरख्यात मात्र तो कधी दिसला नाही. सर इथं जरा कुरकुरतात. चार दिवसांचा सामना आणि वीस षटकांचा, दोन्ही सारखे नसतात म्हणतात. पण त्यांचं कुणी ऐकत नाही, आणि मीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

या संघाचा शेवटचा सामना १९ मे २०१३ ला गहुंज्यातच झाला. दिल्लीला ३८ धावांनी हरवून संघानं तळाचं स्थान टाळलं. दोनच दिवसांनी, क्रिकेट मंडळानं बँकेची हमी वटवल्यावर, सहारानं संघ सोडल्याचं जाहीर केलं. भांडण सामन्यांच्या संख्येवरून होतं. चौऱ्याण्णव सामन्यांचा हिशेब धरून बोली लावली आणि मिळाले त्याहून बरेच कमी, असं मालकाचं म्हणणं. कोण बरोबर होतं यावर मंडपात एकही पक्ष नाही. त्यात कुणाला रसच नाही.

नवलाखाहून एक लाख जास्त

मग आला दोन वर्षांच्या करारावरचा संघ. चेन्नई आणि राजस्थानवर बंदी आली तेव्हा रिकाम्या जागा भरायला दोन संघ घेतले गेले, त्यातला एक पुण्याचा. धोनी कर्णधार, जोडीला स्मिथ, रहाणे, अश्विन. २०१६ मध्ये आठांत सातवा. पीटरसन, डू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श एकापाठोपाठ जायबंदी झाले, आणि आण्णा म्हणतात तसं, "संघाच्या बसपेक्षा अँब्युलन्स जास्त फिरली."

आता दुरुस्ती. फेब्रुवारी २०१७ मध्ये मालकांनी धोनीला कर्णधारपदावरून काढून स्मिथला बसवलं. संघाच्या नावातला शेवटचा 'स'सुद्धा काढला, सुपरजायंट्सचं सुपरजायंट झालं. हा उपाय कुठल्या शास्त्रातला कुणास ठाऊक, पण गावातल्या ज्या घरांच्या नावाच्या पाट्यांत वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून अक्षरं वाढलीत, तिथं याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

पिवळ्या शर्टाचा पोरगा अजून चिडलेला आहे. "धोनीला काढतात का कुणी?"

"अरे पण धोनी असताना सातवा, काढल्यावर फायनल," सर म्हणाले.

"मग वानखेड्यावर पाच सिक्स कुणी मारले? तुमच्या स्मिथनं?"

दोघंही खरं बोलत होते. पहिल्या पात्रता सामन्यात धोनीनं २६ चेंडूंत नाबाद ४० केल्या नसत्या तर अंतिम फेरी तितकी सरळ आली नसती. पण संघ सुधारला तो एका खुर्चीच्या अदलाबदलीनं नव्हे, हे खरेदीची यादी बघितली की कळतं. १४.५ कोटींचा बेन स्टोक्स सगळ्यांना आठवतो. जयदेव उनाडकट ३० लाखांत आला आणि त्यानं २४ बळी घेतले. लिलावात कुणीही न घेतलेला इम्रान ताहिर जायबंदी मार्शच्या जागी आला आणि १८ बळी घेऊन गेला. आणि सलामीला आला आपल्या महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी. किंमत दहा लाख, धावा ३९१.

"दहा लाख म्हणजे आपल्या गावाच्या नावापेक्षा एकच लाख जास्त," एक जण म्हणाला आणि मंडप हसला. हा विनोद दरवर्षी होत असावा, कारण हसू वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच सुरू झालं. बेसबॉलमध्ये ओकलंडच्या संघानं हेच केलं होतं. इतरांनी टाकून दिलेले स्वस्त खेळाडू आकडेमोडीनं वेचायचे. २००२ मध्ये त्यांनी सलग वीस सामने जिंकले, त्यावर पुस्तक निघालं, सिनेमा निघाला. आपल्या उनाडकट-त्रिपाठींवर निदान एखादा वगनाट्याचा प्रयोग व्हायला हरकत नव्हती.

मुंबईला त्या हंगामात तीनदा हरवलं. चौथी गाठ २१ मे २०१७, हैदराबाद, अंतिम सामना. मुंबई १२९. पुणे १२८.

तारीख परत वाचा. सहारा बाहेर पडलं ती तारीखही २१ मेच होती.

आणि करार संपला. अंतिम सामना एका धावेनं हरलेल्या संघाच्या चाहत्याला पुढच्या वर्षीचं पहिलं वाक्य तयार मिळतं, की आता एकच धाव जास्त काढायची आहे. इथं ते वाक्य बोलायलाही संघ उरला नाही. २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळं चेन्नईचे सामने गहुंज्यात आले, 'विसल पोडू एक्स्प्रेस' नावाची खास गाडी भरून तिकडचे लोक पुण्यात उतरले, आणि मावळातल्या मैदानात तमीळ शिट्ट्या वाजल्या. चेन्नई त्या वर्षी विजेता झाली. मंडपातल्या पिवळ्या शर्टाचं मूळ तिथं आहे. पुढं पुण्याचाच ऋतुराज गायकवाड चेन्नईचा कर्णधार झाल्यावर त्या शर्टाला घरचा परवानाही मिळाला.

गेटला कुलूप

या सगळ्या वादात एक जण फार बोलत नव्हता. वय पंचेचाळीसच्या आसपास, आता स्वतःचा टेम्पो चालवतो. आधी तो गावाच्या हद्दीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात होता. २००८ ला सुरू झालेला तो कारखाना. 'बीट' गाडी आठवते? ती इथली. २०१७ मध्ये कंपनीनं भारतातली विक्री थांबवली, इथं गाड्या बनत राहिल्या त्या परदेशी पाठवायला, आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद झालं. पुढच्या वर्षी हजाराहून जास्त कामगारांना कमी केलं गेलं. २०२३ मध्ये ह्युंदाईनं तो घ्यायचा करार केला.

तो म्हणाला, "आमच्या लाइनवरपण असंच चालायचं. रोज मीटिंग. वेस्टेज कमी करा, दोन सेकंद वाचवा, हे सुधरा, ते सुधरा. आम्ही सुधरत होतो. आणि निर्णय तिकडं अमेरिकेत झाला." मग पत्त्यांकडं बघत, "हे वॉरियर्सचं ऐकलं की मला तेच आठवतं. सगळे विचारतात कॅप्टन कोण पाहिजे होता. गेटची चावी कुणाकडं होती ते कुणी विचारत नाही."

बेसबॉलवाल्यांची शेगडी दर हिवाळ्यात पेटते, कारण वसंतात संघ परत येणार याची खात्री असते. शिवाय तिथली व्यवस्था तळाच्या संघाला हात देते. नव्या खेळाडूंच्या निवडीत हरणाऱ्यांना लवकर पाळी मिळते. ह्यूस्टनच्या संघानं २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं दर हंगामात शंभराहून जास्त सामने गमावले. म्हणजे आपल्या वॉरियर्सचीच तीन वर्षं. तो २०१७ मध्ये विश्वविजेता झाला. (त्या वर्षी त्यांनी खुणा चोरल्याचं नंतर उघड झालं, तो भाग मी मंडपात सांगितला नाही.) आपल्या लिलावात सगळ्यांची थैली सारखी असते, पण दर काही वर्षांनी महालिलाव होतो आणि अर्धवट शिवलेली गोधडी उसवून चिंध्या परत बाजारात जातात. तेवढ्यातही टाका घालता येतो. पण शिवणाऱ्याला बसू तर दिलं पाहिजे.

आण्णांची पाळी

क्रिकेटचं पुरेसं झालं असं वाटून आण्णांनी मांडी बदलली. "आमच्या पलटणीचं सांगा की."

पुणेरी पलटण. प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामात, २०१४ मध्ये, आठांत आठवी. दुसऱ्या हंगामात परत आठवी. हा संघ क्रिकेटचा असता तर इथंच दहावं-बारावं झालं असतं. पण संघ विकला गेला नाही, नाव बदललं नाही. मनजीत चिल्लर आला तेव्हा सलग दोनदा तिसरा क्रमांक मिळाला. मग परत घसरण, सातव्या हंगामात बारांत दहावी जागा.

"तेव्हा तुम्ही काय म्हणत होता?" मी विचारलं.

"शिव्या देत होतो," आण्णा म्हणाले. "पण घरातल्याला देतात तशा."

पुढं जे झालं ते आण्णा हातवारे करून सांगतात. संघानं तयार नावं विकत घ्यायचा सोस कमी केला आणि कोवळी पोरं धरली. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. "चढाईला जाणारा पोरगा पहिल्या वर्षी निदान रेषेपर्यंत जाऊन परत येतो. दुसऱ्या वर्षी बोनस घेतो. तिसऱ्या वर्षी कोपरारक्षकाच्या डोळ्यात बघतो. हे लिलावात नाय मिळत." डावा हात पुढं करून त्यांनी सतरंजीवरच मध्यरेषा ओलांडली. पत्ते उधळले.

पोरांच्या जोडीला नेमका एक महाग मोहरा घेतला: इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, २.३५ कोटी. प्रशिक्षक बी. सी. रमेश. शादलुई येण्याआधी, नवव्या हंगामात, अंतिम सामना जयपूरविरुद्ध ३३-२९ असा गेला होता. आणि इथं फरक बघा. पुढच्या हंगामात संघ होता. अस्लमच्या नेतृत्वाखाली बावीस साखळी सामन्यांत फक्त दोन हार, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ हरवून विजेतेपद. दहाव्या हंगामात.

पोरांपैकी एकानं विचारलं, "आण्णा, दहा वर्षं थांबायचं का मग?" आण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पत्ते गोळा करायला घेतले.

कबड्डीचं हे सगळं लिहिताना मला एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. कबड्डीचे खेळाडू स्वस्त, हंगाम आटोपशीर, मालकाची गुंतवणूक क्रिकेटच्या मानानं किरकोळ. थांबणं परवडतं. सतराशे कोटी गुंतवलेल्याला कुणी 'तिसऱ्या वर्षी तो डोळ्यात बघेल' म्हणून सांगावं आणि त्यानं ऐकावं, एवढा मी भोळा नाही. आण्णाही नाहीत. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की मग त्याला आपला संघ म्हणू नका, पाव्हणा म्हणा. आला, जेवला, गेला.

तळाला कोण

एक वाजत आला. पाऊस थांबला होता, ताडपत्रीच्या खोलगटात साचलेलं पाणी काठीनं ढकलून झालं. मला वाटलं आता सभा मोडेल. पण खरी सभा आत्ता सुरू झाली.

मावळातल्या बऱ्याच गावांत आता टेनिस बॉलची प्रीमियर लीग होते. मंडपातच लिलाव, पैशाऐवजी गुण, अंगरख्यावर कुठल्यातरी बिल्डरचं नाव. या मंडळाचा संघ गेल्या स्पर्धेत तळाला गेला होता. पाचांपैकी पाच सामने हरला. कर्णधार तिथंच बसला होता. तो टेम्पोवालाच.

"दादा, राग मानू नका, पण यंदा कॅप्टन बदलू," पिवळा शर्ट म्हणाला.

"आत्ता इतका वेळ काय बोलत होता रे?" सर खुर्चीतून पुढं झुकले. "पाच कॅप्टन, तीन वर्षं, तेहेतीस हारी."

"ते वेगळं सर. दादांना यॉर्कर टाकता येत नाही."

"त्याला बॅटिंगला वर पाठवा. बॉलिंग दुसऱ्याला द्या."

"दुसरा कोण? पाटलाचा बारका? त्याची बारावी आहे."

"बारावी फेब्रुवारीत. मॅच डिसेंबरात."

टेम्पोवाला दादा एवढा वेळ गप्प. मग त्यानं पत्ते उचलले, पिसले आणि वाटायला घेतले. "कॅप्टन मीच," तो म्हणाला. "बारक्याला उद्यापासून सकाळी सहाला मैदानात पाठवा. मी गाडी काढायच्या आधी तासभर टाकून घेतो त्याच्याकडनं."

"सहाला उठतोय व्हय तो," आण्णा म्हणाले. पण बारक्याच्या घराकडं फोन लावायला त्यांनीच चष्मा शोधला, आणि एवढ्या रात्री लावू नका म्हणून चौघांनी त्यांना अडवलं.